समाईक हात

साताऱ्यातल्या सूर्यवंशी डेकोरेटर्सच्या दुकानात मंडप, खुर्च्या, भाताची अजस्र पातेली आणि बाळंतपणाच्या कळा शमवणारं यंत्र, असं सगळं एकाच काउंटरवर भाड्याने मिळत असे. सूर्यवंशींना त्यात विसंगत काही वाटत नव्हतं. "कार्य म्हटलं की भाड्याचं सामान आलंच, मॅडम," असं म्हणत त्यांनी खुर्च्यांच्या थप्पीमागून एक निळी पेटी ओढून काढली आणि तिच्यावरची धूळ, तिच्यात अडकलेल्या दोन-चार अक्षतांसकट, फुंकून टाकली.

पेटीवर नाव होतं : पाठराखीण.

ऋजुता तोडकरला सातवा लागला होता आणि ती दुकानात एकटीच आली होती. एकटं येण्याची तिला सवय होती. तिचं काम घरी बसून चालायचं. बँकेचं, विजेचं, दवाखान्याचं यंत्र मराठीत बोलताना अडखळलं की ते वाक्य दुरुस्तीला तिच्याकडे यायचं. त्यामुळे दिवसभर तिच्याशी पुष्कळ बोललं जाई. फक्त बोलणारं कोणी नसे. परवाच तिने 'घाबरू नका, आम्ही सोबत आहोत' हे वाक्य तपासून, बरोबर आहे असा शेरा मारून पुढे पाठवलं होतं.

यंत्र भाड्याने घेण्याला कारण होतं. शाळेत असताना तिचा वाकडा होत चाललेला कणा दोन धातूच्या सळ्या बसवून सरळ केला होता. भूलतज्ज्ञांनी तो एक्स-रे बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "पाठीतलं इंजेक्शन विसरा. इथे सुईला रस्ता नाही." बाकीची औषधं बाळाला गुंगी आणणारी, म्हणून तीही बेताचीच. उरली ती पाठराखीण. कळा कमी करायला तिच्याखेरीज ऋजुताजवळ दुसरं काही नव्हतं.

कोपर दाराला आपटलं की माणूस आधी शिवी देतो आणि मग कोपर चोळतो. शिवीच्या उपयोगाबद्दल मतभेद आहेत, चोळण्याबद्दल नाहीत. दुखणं मेंदूकडे निघतं ते बारीक, संथ तंतूंवरून. स्पर्श निघतो जाड, भरधाव तंतूंवरून. दोघांनाही मणक्यातल्या एकाच दारातून जावं लागतं. स्पर्श आधी पोचतो, दार लोटून घेतो, आणि मागून आलेलं दुखणं बरंचसं बाहेर ताटकळतं. टेन्स नावाचं जुनं यंत्र एवढंच करायचं : कमरेवर चिकटपट्ट्या, त्यांतून विजेच्या हलक्या मुंग्या, आणि दाराशी खोटी गर्दी. काही बायकांना आराम पडे, काहींना नुसत्याच मुंग्या येत.

पाठराखीण ही त्याच्या पुढची पायरी. कातडीत आणखी एका जातीचे तंतू असतात. ते फक्त सावकाश फिरणाऱ्या, उबदार हाताला ओ देतात. त्यांची बातमी थेट वर जाते, आणि हात ओळखीचा वाटला तर वरून हुकूम सुटतो की दार लावून घ्या, घरचं माणूस आलं आहे. म्हणून या यंत्रात आधी माणसाचा हात भरावा लागे. त्या माणसाने जाळीचा हातमोजा घालून चोळायचं. दाब, वेग, ऊब, मध्येच थबकणं, सगळं यंत्र टिपून घेई आणि कळ आली की पाठीवरच्या पट्ट्यांमधून तोच हात फिरवी.

"थोडक्यात, यंत्र आमचं, हात तुमचा," सूर्यवंशी म्हणाले. "तुमचा म्हणजे तुमच्या माणसाचा. एकाचाच भरायचा. पहिलटकरीण म्हणजे माहेरीच जाणार तुम्ही, तेव्हा आईचा..."

"आई नाही. वडीलही नाहीत."

"मग बहीण? मावशी?"

"नाही."

"मिस्टर?"

"फिनलंडला."

सूर्यवंशींनी धंद्यात बरेच मांडव उभे केले होते. रिकाम्या जागेला ते घाबरत नसत. "कंपनीचे तयार हात आहेत की! 'प्रेमळ मावशी' आहे, 'अनुभवी सुईण' आहे. 'कमी बोलणारी जाऊ' फार चालते."

"हात बोलतो का?"

"नाही. पण नाव वाचूनच बायकांना बरं वाटतं."

"आणि कळा कमी होतात?"

ते क्षणभर रस्त्याकडे बघत राहिले. "खोटं नाही सांगणार. नाही होत. परका हात लागला की अंग चोरतंच. बघा ना, विचार करा. कोणीतरी असेलच की."

ऋजुता पेटी घेऊन घरी आली आणि विचार करत बसली.

निनाद, म्हणजे तिचा नवरा, फिनलंडमधल्या एका गावात म्हाताऱ्या माणसांची सेवा करण्याच्या नोकरीवर होता. त्याचा हात फार गुणाचा निघाला, असं तिकडे म्हणत. इकडे असताना हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. तिने त्याला फोन लावला आणि मोजा पाठवते म्हणाली.

"अगं, माझा हात मला देता येत नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"कंपनीनं भरून घेतलाय ना. त्यांच्या सगळ्या वृद्धाश्रमांत आता माझाच हात चालतो. करारच आहे तसा. दुसऱ्या कुठल्या यंत्रात घालायचा नाही."

"अरे, मी बायको आहे तुझी."

"ते सांगितलं मी त्यांना. सातवा महिना आहे म्हणून पण सांगितलं."

"मग?"

"अभिनंदन म्हणाले."

लग्नात गुरुजींनी तिचा हात त्याच्या हातात दिला होता. त्याने आपला कोणाला द्यायचा नाही, याबद्दल मात्र काही मंत्र नसावेत.

"आईचा घे ना," निनाद म्हणाला. "आईचा हात छान आहे."

"तुला कसं माहीत?"

"लहानपणी तापात वगैरे चोळलं असेलच की गं."

"आठवतंय?"

"आठवत नाही. पण असणारच."

डोहाळजेवण कराडला, सासरच्या घरी झालं. ऋजुताला हिरवी साडी नेसवली, फुलांचे दागिने घातले, झोपाळ्यावर बसवलं, आणि मग सगळ्या बायका चौरंगावर ठेवलेल्या निळ्या पेटीभोवती जमल्या. हात भरायचा असतो, ही बातमी ओटीआधीच घरभर झाली होती.

"पहिला मान माझा," शकूआत्या म्हणाल्या. त्या निनादच्या आजोबांची बहीण. घरातलं सगळ्यांत जुनं माणूस. माडीवरच्या खोलीत एकट्या राहत आणि कार्य असलं की त्यांना खाली आणलं जाई. "माझ्याएवढं म्हातारं कोणी असेल तर उठून उभं राहा."

"आत्याबाई, मान तुमचाच," मंगलकाकू म्हणाल्या. या धाकट्या चुलत सासूबाई. "पण पाठ चोळण्यात माझा हात धरणारं या आळीत कोणी नाही. विचारा कोणालाही."

"आळीतल्या किती पाठी चोळल्यात काकू तुम्ही?" नणंद केतकी म्हणाली. "आणि मला वगळायचं? लग्नात करवली म्हणून पायऱ्या चढून-उतरून पाय मोडले माझे, ते चाललं?"

"तू गप गं," काकू म्हणाल्या. "सासू बसलीय अजून, आणि नणंद पुढं पुढं."

सासूबाई, वैजयंतीबाई, पानाच्या तबकाशी बसल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "सगळ्यांचा घ्या. कार्यात कोणाचं मन दुखायला नको."

ऋजुताने तोंड उघडलं. "एकाच माणसाचा भरायचा असतो हो."

"मग तूच सांग की," मंगलकाकू म्हणाल्या. "कोणाचा?"

झोपाळा थांबला. सगळ्या तिच्याकडे बघायला लागल्या. नाव एकच सांगायचं होतं, आणि त्या भरल्या घरात ऋजुताने नजर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली. एकीला निवडलं तर बाकीच्या रुसल्या असत्या, हे खरं. पण अडचण ती नव्हती. कोणाचंही नाव तिच्या ओठांवर येत नव्हतं, ही होती. मानपानाची सोय एवढ्या चांगल्या वेळी क्वचितच होते. ती म्हणाली, "सगळ्यांचाच भरू या."

मग मानाच्या क्रमाने मोजा फिरला. आत्यांनी थोपटलं, काकूंनी कणीक तिंबावी तसं तिंबलं, केतकीने एका हाताने चोळत दुसऱ्या हाताने फोटो काढले, शेजारच्या बाईंनी 'माझं काय, उगाच आपलं' म्हणत बराच वेळ घेतला. वैजयंतीबाईंनी शेवटी नुसता हात टेकवला आणि काढला. यंत्राला मानपान कळत नव्हता. ते सगळे हात एकाच चंचल बाईचे समजून त्याने त्यांची सरासरी काढली आणि हिरवा दिवा लावून 'हात स्वीकारला' असं कळवलं. जमिनीच्या उताऱ्यावर असतो तसा तो हात समाईक झाला : नावं पुष्कळ, कसणारं कोणी नाही. ऋजुताला हे समजत होतं. पण परत भरायचा तर परत तोच प्रश्न आला असता. तिने पेटी बंद केली ती तशीच ठेवली.

दिवस भरले. सकाळचा चहा ठेवताना पहिली कळ आली, आणि कराडहून येऊन राहिलेल्या वैजयंतीबाई तिला घेऊन इस्पितळात गेल्या. इस्पितळ नवं, चकचकीत, नियमाला पक्कं. प्रसूतिकक्षात बाळंतिणीबरोबर एकच सोबतीण, असा नियम होता.

"पाठराखीण आणलीत ना?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

"हो," ऋजुताने पेटी दाखवली.

"मग झालं की. आजी, तुम्ही बाहेर बसा."

"अहो, ते यंत्र आहे," वैजयंतीबाई म्हणाल्या.

"सोबतीण म्हणून तेच धरतात, आजी. आरामात बसा, पंखा आहे."

आत एक सिस्टर होत्या, बोलायला गोड. पण त्यांच्याकडे चार खोल्या होत्या आणि इस्पितळाचं स्पर्शाचं धोरण कडक होतं. "कामापुरताच हात लावता येतो हो आम्हांला," पट्ट्या चिकटवताना त्या अपराधी चेहऱ्याने म्हणाल्या आणि काम संपल्यावर हात मागे घेतला.

खरी कळ आली आणि यंत्र चालू झालं. समाईक हात पाठीवर आला. थोडं थोपटलं, मध्येच खसाखसा चोळलं, आणि चोळता चोळता दुसरं कोणी भेटल्यासारखा तो निघून गेला. मग परत आला, भलत्याच जागी. लग्नाच्या हॉलमध्ये 'किती गं वाळलीस' म्हणत पाठीवरून फिरून जेवणाच्या पंगतीकडे जाणारा हात असतो, तसा तो होता. अंगाने त्याला नमस्कार केला आणि ओळख दिली नाही. मणक्यातलं दार सताड उघडं राहिलं आणि कळ वाजत-गाजत आत गेली. ऋजुता ओरडली.

दुसऱ्या कळेलाही तसंच. तिसरीनंतर तिने फोन घेऊन सूर्यवंशींना लावला. पलीकडे सनई वाजत होती.

"बोला मॅडम! जरा मोठ्यानं, इथं मुहूर्त गाठायचाय!"

"हात लागत नाहीये. पुसून नवा भरायचाय."

"भरा की! मोजा पेटीतच आहे. आहे कोण जवळ?"

"कोणी नाही."

सनई जरा लांब गेली. सूर्यवंशी मांडवाबाहेर आले असावेत. "सासूबाई?"

"बाहेर. आत सोडत नाहीत." श्वास घेऊन ती म्हणाली, "माझाच भरला तर?"

"स्वतःचा नाही चालत, मॅडम. स्वतःच्याच हातानं कधी गुदगुल्या झाल्यात का? आपला हात कुठं जाणार ते मेंदूला आधीच ठाऊक असतं. तो म्हणतो, हा काय आपलाच, आणि दुर्लक्ष करतो. हुकूम सुटतच नाही वरून."

पुढची कळ आली. सूर्यवंशींनी फोन ठेवला नाही, एवढं ओसरल्यावर तिच्या लक्षात आलं.

"त्याला ठाऊक नसलं तर?" ऋजुताने विचारलं.

"कोणाला?"

"मेंदूला. आत्ता चोळलेलं नंतर लावायचं. कधी लवकर, कधी उशिरा. केव्हा येणार आणि कुठून, त्याचा पत्ताच लागू द्यायचा नाही."

"असं कोणी केलेलं नाही, मॅडम."

"होईल का पण?"

"एक 'मागेपुढे' म्हणून बटण आहे बाजूला. कशासाठी आहे ते कंपनीनं मला सांगितलेलं नाही आणि मीही विचारलेलं नाही. दाबून बघा. इथं अक्षता पडेपर्यंत मी फोनवर आहे."

तिने समाईक हात पुसून टाकला. सगळ्या मानकरणी एका टिचकीत गेल्या. मग मोजा चढवून उशी चोळली. यंत्राने 'जिवंत कातडी हवी' म्हणून सांगितलं. पाठीपर्यंत तिचा हात पोचत नव्हता. जवळ जिवंत असं एकच काही होतं. तिने हात पोटावर ठेवला आणि दोन कळांच्या मधल्या उसंतीत ती बाळाला गोंजारू लागली. सावकाश, वरून खाली, जिथे टाच लागली तिथे थांबून. आतल्या जिवाला घाबरू नको म्हणायचं होतं, पण ते वाक्य तिच्याकडे तपासायला येऊन गेलेलं होतं, म्हणून तिने ते तोंडाने म्हटलं नाही. हाताने जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं. पुन्हा हिरवा दिवा लागला. तिने 'मागेपुढे' दाबलं.

कळ आली. कंबरेतून निघाली, चढू लागली, आणि काहीच झालं नाही. मग, तिने आशा सोडल्यावर, हात आला.

तो घाईत नव्हता. त्याला दुसरीकडे कुठे जायचं नव्हतं. सळ्यांच्या शेवटाशी, जिथे सगळ्यांत जास्त भाजत होतं, तिथे तो आपण होऊन थांबला, दाबून राहिला आणि मग खाली उतरला. अंगाने चोरून घेतलं नाही. दार पुढे लोटलं गेलं. पुरतं नाही, पण मागची कळ बाहेर धडका देत राहिली आणि आत श्वास घेण्याइतकी जागा झाली. ही कोण बाई, असं क्षणभर ऋजुताला वाटलं. अशी एखादी माहीत असती तर बरं झालं असतं, असंही वाटलं. मग तिला आठवलं की ही कोण.

"काय हो, एकदम गप्प?" सिस्टर डोकावून म्हणाल्या. "आणि रडताय का? फार दुखतंय?"

"नाही," ऋजुता म्हणाली. "आता कमी आहे."

फोनमध्ये मंगलाष्टकं संपून अक्षता पडल्या. सूर्यवंशी ओरडले, "लागला का?" आणि उत्तर ऐकून कोणाला तरी पंगती मांडायला सांगायला धावले.

दुपारी मुलगी झाली. संध्याकाळी निनादचा फोन आला. त्याने मुलगी पाहिली, ती आपल्यासारखी दिसते म्हणाला, रडला, आणि नाक पुसून म्हणाला, "कंपनीनं भेट दिलीय गं. माझा हात एक आठवडा फुकट. पाठवू?"

"नको. झालं आता."

"कोणाचा लागला मग? आईचा?"

"नाही. तुझी ओळख नाही."

"बरं. त्यांना थँक्स सांग माझ्याकडून."

"सांगते," ऋजुता म्हणाली.

आता भेटायला सोडत होते. वैजयंतीबाई कधीच्या खाटेशेजारी बसल्या होत्या. फोन ठेवल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "बाहेर ऐकू येत होतं मला. आधी ओरडत होतीस, मग थांबलीस. कोणाचा होता?"

"माझाच."

त्यांनी मान हलवली. आश्चर्य वाटल्यासारखं काही केलं नाही. "निनादच्या वेळी घर माणसांनी भरलेलं होतं," त्या म्हणाल्या. "पाय ठेवायला जागा नव्हती." आणि दुपट्याची घडी उलगडून परत घालू लागल्या.

तेवढ्यात केतकी शकूआत्यांना धरून घेऊन आली. माडीवरून उतरून, गाडीत बसून, एवढा प्रवास त्यांनी बऱ्याच काळात केला नव्हता. बाळाकडे त्यांनी ओझरतं पाहिलं. खुर्चीत टेकत, दम खात त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कोणाचा लागला गं हात? मंगल फोनवर सांगत होती, तिचाच म्हणून."

ऋजुताने सासूबाईंकडे पाहिलं. वैजयंतीबाईंनी दुपट्यावरून डोळे वर केले नाहीत. म्हणाल्या, "तुमचाच लागला म्हणे, आत्याबाई."

"वाटलंच मला." शकूआत्यांनी आपला उजवा तळवा उलटसुलट करून पाहिला. "माझ्या हाताला पहिल्यापासून गुण आहे. कोणी विचारत नाही, ते सोडा." आणि मग तो हात कुठे ठेवावा हे न सुचल्यासारखा त्यांनी मांडीवर ठेवला, तिथूनही उचलला आणि खुर्चीच्या दांड्यावर ठेवला.

ऋजुता थोडा वेळ त्या हाताकडे बघत होती. पाठ ठणकत होती. पट्ट्या सिस्टरनी केव्हाच काढून नेल्या होत्या. ती खाट धरून सावकाश कुशीवर वळली, पाठ आत्यांकडे करून.

"आत्या, अजून ठणकतंय जरा."

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. हात पडला तो जड, खरखरीत आणि पार चुकीच्या जागी. आत्या थोपटत होत्या, एखाद्या ढोलाला थोपटावं तशा, आणि जिथे दुखत होतं तिथपासून तो हात चांगला वीतभर लांब होता. कमी काहीच होत नव्हतं.

"लागतोय का बरोबर?" आत्यांनी विचारलं.

"हो," ऋजुता म्हणाली. "तिथंच."